ठाण्याहून बिग बेंडच्या आउटर माउंटन लूपची तयारी: आधी पाण्याचा हिशेब

माहुली, प्रबळगड, गोरखगड नेहमी करणाऱ्याला तीन दिवसांत ४८ किलोमीटर हा आकडा फार मोठा वाटत नाही. फसगत होते ती तिथेच. सह्याद्रीत बाटली संपली तरी कातळातलं टाकं असतं, वाडीतली विहीर असते, पायथ्याच्या घरात तांब्याभर पाणी मिळतं. टेक्सासमधल्या बिग बेंड नॅशनल पार्कातल्या आउटर माउंटन लूपवर यातलं काहीच नाही. तुम्ही पाठीवर नेलेलं पाणी आणि वाटेत एका ठिकाणी आधीच ठेवून आलेलं पाणी, एवढ्याच भरवशावर निघायचं. सॅकचं वजन, बूट, मुक्कामाची जागा, ठाण्यातला सराव, जेवणाचा डबा, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. म्हणून इथेही सुरुवात पाण्यापासूनच.

वाट अशी आहे. चिवावा वाळवंटातून एकाएकी उठलेल्या चिसोस डोंगरांच्या मधल्या खोलगटात, म्हणजे चिसोस बेसिनमध्ये, सुमारे ५,४०० फुटांवर सुरुवात होते. पिनॅकल्स ट्रेलने चढून ७,००० फुटांच्या वरच्या खिंडीत पोहोचायचं, बूट कॅन्यनमधून पुढे जायचं आणि जुनिपर कॅन्यनने थेट वाळवंटात उतरायचं. तिथून डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी जवळपास १८ किलोमीटरची डॉडसन ट्रेल लागते. ती संपते होमर विल्सन रँचपाशी. मग ब्लू क्रीक कॅन्यनने सुमारे ९ किलोमीटर पुन्हा वर आणि लगुना मेडोजवरून उतरून बेसिनमध्ये परत. पहिला मुक्काम बूट कॅन्यनला केला, तर दुसऱ्या दिवशी जुनिपरची उतरण आणि अख्खी डॉडसन मिळून २८ किलोमीटर होतात. भरल्या सॅकनिशी ते जमत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जुनिपरच्या पायथ्यापर्यंत उतरा, दुसऱ्या दिवशी फक्त डॉडसन करा आणि तिसरा दिवस चढणीसाठी ठेवा.

नऊ लिटर, म्हणजे नऊ किलो

पार्कचा सल्ला आहे दर माणशी दर दिवशी किमान एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर. किमान हा शब्द लक्षात ठेवा. प्रत्यक्ष हिशेब असा मांडा: पहिल्या दिवशी चालताना साडेतीन लिटर, रात्रीचा स्वयंपाक, चहा आणि सकाळ मिळून दीड लिटर, डॉडसनवर चार लिटर. होमर विल्सन रँचपर्यंत नऊ लिटर झाले. तंबूतला वाटा, स्लीपिंग बॅग, चटई, कपडे, शेगडी, औषधं आणि खुद्द सॅक मिळून आठ किलोच्या आत बसवा. खाण्याचे दोन किलो. निघताना पाठीवर १९ किलो असतात. सत्तर किलोच्या माणसाला हा त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहूनही जास्त बोजा आहे, आणि तो घेऊन पहिल्याच सकाळी सगळ्यात उभी चढण चढायची आहे.

होमर विल्सन रँचपाशी अस्वलांपासून सुरक्षित अशा लोखंडी पेट्या आहेत. रॉस मॅक्सवेल सीनिक ड्राइव्हवरून गाडीने जाऊन, रस्त्याकडेच्या ओव्हरलूकपासून, म्हणजे देखावा पाहायच्या थांब्यापासून, थोडं खाली चालत उतरून, ट्रेक सुरू करण्याआधी तिथे पाणी ठेवायचं. दर माणशी दोन गॅलन, म्हणजे ७.६ लिटर: दुसऱ्या संध्याकाळी दीड, ब्लू क्रीकच्या चढणीला चार, उरलेलं राखीव. कॅनवर नाव आणि परत येण्याची तारीख ठळक मार्करने लिहा. दुधाच्या पातळ प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाणी ठेवू नका. त्यांचं टोपण नुसतं दाबून बसवलेलं असतं, तळ चिरतो, आणि दोन दिवसांनी पेटी उघडल्यावर अर्धा कॅन रिकामा सापडतो. आट्याचं झाकण असलेले जाड कॅन घ्या, तेही एकाऐवजी दोन. एक गळला तरी दुसरा उरेल.

बूट कॅन्यनमध्ये बूट स्प्रिंग आहे, डॉडसनवर फ्रेस्नो क्रीकला काही महिने पाणी असतं. त्यांच्यावर बेत आखू नका. परमिट घेताना रेंजरला विचारा की गेल्या दोन-चार दिवसांत तिथे कोणी प्रत्यक्ष पाणी पाहिलं का. बूट स्प्रिंग वाहतो आहे असं खात्रीने कळलं, तर पहिल्या चढणीला चार लिटर कमी नेता येतात, आणि तो फरक खांद्यांना लगेच कळतो. तिथलं पाणी फिल्टर करूनच प्या. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरल्यावर आत ओलसर राहतो. रात्री तो गोठला की तंतू तडकतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थंडीत फिल्टर पिशवीत घालून झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

पाणी एका मोठ्या ब्लॅडरमध्ये, म्हणजे पाण्याच्या मऊ पिशवीत, ठेवू नका. तीन लिटरचा ब्लॅडर काट्याने फाटला तर तीन लिटर एका झटक्यात वाळूत. सोडा किंवा पाण्याच्या जाड बाटल्या, एकेक लिटरच्या, हलक्या असतात आणि धसमुसळेपणा सोसतात. सॅकमध्ये त्या पाठीला लागून, दोन्ही फऱ्यांच्या मधल्या उंचीवर रचा. खाली किंवा बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या तर सॅक मागे ओढते आणि चढणीवर कंबर भरून येते.

घाम दिसत नाही

ठाण्यात ऑक्टोबरमध्ये जिना चढला की शर्ट अंगाला चिकटतो. हवाच एवढी दमट असते की घाम सुकत नाही, आणि आपण त्यावरून ओळखतो की पाणी प्यायला हवं. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, अंगाला बरंही वाटत असतं. दुपारी सॅक काढली की पट्ट्याखालच्या कापडावर पांढरी, हाताला खरखरीत लागणारी रेघ दिसते. ते मीठ. तेवढा घाम गेलेला असतो. कोकणपट्टीतल्या माणसाची तहान ओळखण्याची सवयच तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून घड्याळ लावून प्यायला शिकायचं: दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट.

किती प्यायचं ते घरीच मोजता येतं. कपडे काढून वजन करा, भरलेली सॅक घेऊन तासभर चढा-उतरा, अंग पुसून पुन्हा वजन करा. आधी ७१.२ किलो, नंतर ७०.५, आणि मधे ४०० मिलिलिटर प्यायलात, तर तासाला १.१ लिटर घाम गेला. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करून आकडे वहीत लिहा. हिवाळी वाळवंटात घाम याहून कमी येईल, पण गटात सगळ्यात जास्त पाणी कोणाला लागतं हे आधीच कळतं, आणि पेटीत कॅन ठेवताना त्याच्या नावाने एक जास्त ठेवता येतो.

नुसतं पाणी भराभर पिणं हीसुद्धा चूकच. घामाबरोबर मीठ जातं, आणि वर साधं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि वारंवार होत असेल तर पाणी थांबवून खारट काहीतरी खा. लघवी गर्द पिवळी आणि थोडी असेल तर पाणी वाढवा. केमिस्टकडे मिळणारी ओआरएसची एक लिटरची पाकिटं दर माणशी दिवसाला दोन धरा. पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटरातच विरघळवा. अर्ध्या लिटरात घट्ट करून प्यायलं तर पोट बिघडतं.

ऑगस्ट ते नोव्हेंबर

हा लूप नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करायचा. मे ते ऑगस्टमध्ये खालचं वाळवंट पोळून काढतं, आणि जुलैपासून पुढच्या पावसाळी वादळांत कोरडे ओढे काही मिनिटांत भरून वाहतात. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आपल्याला सर्वात सोयीचा, आणि त्याचं कारण ठाण्यातच आहे: ऑक्टोबर हीट. उन्हाला अंग सरावायला दहा ते चौदा दिवस रोज तास-दीड तास उन्हात मेहनत लागते. मग घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जातं, हृदयाची धडधड आटोक्यात राहते. हा सराव सोडला की दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरची सुरुवात उन्हात घालवली की विमानात बसेपर्यंत अंग तयार असतं. रक्तदाब, मधुमेह किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हा भाग डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका.

ऑगस्टमध्ये डोंगर निसरडे असतात, तेव्हा जिना हाच डोंगर. घोडबंदर रोडवर किंवा खारघरमध्ये वीस मजली इमारत शोधायला लागत नाही. वीस मजले म्हणजे साधारण ६० मीटर. आठवड्यातून तीनदा, पाच किलो घेऊन पाच फेऱ्यांपासून सुरू करा, सप्टेंबरअखेर बारा किलो घेऊन दहा फेऱ्यांवर या. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे उतरायला लिफ्ट वापरा, गुडघे वाचतात. रविवारी येऊरच्या रस्त्यावर किंवा बेलापूरच्या पारसिक टेकडीवर तीन तास सलग चालायचं. येऊरला वनखात्याच्या वेळा पाळा.

सॅकमध्ये वजन म्हणून विटा किंवा डंबेल घालू नका, ती एका बाजूला सरकतात. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या भरा. खऱ्या ट्रेकमध्येही तेच वजन असणार आहे, आणि गुडघा कुरकुरला तर माथ्यावर झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतून हलकं उतरता येतं. ऑक्टोबरपासून मात्र ओतायचं नाही. जुनिपर कॅन्यनची उतरण लांब आहे, आणि तिथे मांड्यांच्या पुढच्या स्नायूंना ब्रेकचं काम करावं लागतं. फक्त चढणीचा सराव केलेला माणूस दुसऱ्या सकाळी तंबूतून उठताना पाय धरून बसतो.

ऑक्टोबरमध्ये कसारा लोकलने आसनगावला जाऊन माहुली करा, बारा किलो घेऊन. माहुली ८५८ मीटर उंच, आणि पायथा सखल असल्याने जवळपास सगळी उंची पायांनीच चढावी लागते. पुढच्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस: शनिवारी प्रबळगड, रविवारी कर्नाळा, पंधरा किलो घेऊन. दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सॅक उचलायची, खरी कसोटी ती. निघण्याच्या तीन आठवडे आधी एकदा पूर्ण १९ किलो, तेच बूट, तेच मोजे आणि तोच डबा घेऊन दिवसभर चाला. कुठे काचतं ते तेव्हाच कळायला हवं. शेवटच्या दहा दिवसांत वजन निम्म्यावर आणा. उन्हात चालणं मात्र सुरू ठेवा.

काटे, बूट आणि रात्रीची थंडी

या वाटेवर लेचुगिया नावाची वनस्पती जागोजागी आहे. आपल्या घायपाताचीच जात, उंचीने गुडघ्याखाली, पाती ताठ उभी आणि टोकाला सुईसारखा काटा. नेमका पोटरीच्या उंचीवर तो टोचतो आणि टोक आत मोडून राहतं. पावलापासून गुडघ्यापर्यंत जाड कापडाचे गेटर घाला आणि पूर्ण लांबीची पँट. फड्या निवडुंगाचे मोठे काटे चिमट्याने निघतात. बारीक केसांसारखे काटे चिकटपट्टी लावून ओढून काढायचे, म्हणून कापडी मेडिकल टेपची गुंडाळी हवीच. निवडुंगाचा अख्खा तुकडा अंगाला चिकटला तर हात लावू नका, कंगव्याने झटकन उडवा. झोपायला हवा भरायची चटई नेऊ नका, फोमची घडीची चटई न्या. पहिल्याच रात्री चटई फुसकी झाली तर दोन्ही रात्री गार दगडांवर जातात.

बूट नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठे, कारण दुपारी पाय सुजतात. वॉटरप्रूफ बूट तिथे नकोत, आत घाम कोंडून फोड येतात. किमान ८० किलोमीटर चालून मुरवलेलेच बूट न्या. नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा. पायाला कुठे गरम लागलं की तिथेच थांबून टेप लावा, पुढच्या विश्रांतीची वाट पाहू नका.

दिवसा सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेवर पडेल अशी टोपी. एक सुती पंचा जरूर न्या. झऱ्यात भिजवून मानेवर टाकला की कोरड्या वाऱ्यात तो थंडगार होतो. रात्र मात्र वेगळी असते. वाळवंटातली उष्णता सूर्याबरोबर जाते, आणि हिवाळ्यात चिसोसमध्ये पारा शून्याजवळ उतरतो. इथल्या किल्ल्यांवर डिसेंबरात पुरणारी पातळ स्लीपिंग बॅग तिथे पुरणार नाही. शून्य अंशाला आराम देणारी बॅग, लोकरीची टोपी आणि रात्रीसाठी वेगळे कोरडे मोजे लागतात.

डबा आणि बॅगा

जे शिजवायला पाणी लागतं ते पाणी हिशेबात धरा. इन्स्टंट खिचडीला साधारण ३०० मिलिलिटर जातं, पण ते पोटातच जातं, म्हणून रात्री चालेल. दिवसा न शिजवता खायचं: शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भाजके खारे शेंगदाणे, मेथीचे ठेपले. दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम पुरतं. उन्हात गोड नकोसं होतं, म्हणून निम्मं खाणं खारट ठेवा. अमेरिकेत शिरताना खाण्याचं सगळं कस्टम्सला जाहीर करा. मांसाचे पदार्थ, ताजी फळं आणि बिया नेऊच नका. सुका, बंद पाकिटातला खाऊ सहसा अडत नाही. ठेपल्यांचं पीठ इथून नेण्यापेक्षा टेक्सासमधल्या नातेवाइकांकडे ठेपले करणं सोपं. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथेच घ्यायचा. ट्रेकिंग पोल चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. पार्कात उघड्यावर आग पेटवायला बंदी आहे, त्यामुळे शेगडीला पर्याय नाही.

वाटेवर मोबाइलला रेंज नसते. संकटात निरोप पाठवायचं सॅटेलाइट उपकरण तिथे भाड्याने घ्या आणि परत करूनच भारतात या. परवानगीशिवाय असं उपकरण भारतात बाळगणं बेकायदा आहे, आणि विमानतळावर ते सापडलं तर मोठी अडचण होते.

तिथे पोहोचल्यावर

तिकीट काढण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर बेसिन खुलं आहे का ते पाहा. बांधकामामुळे रस्ता किंवा कॅम्पग्राउंड बंद असेल तर लूपची सुरुवातच बंद असते. लांबच्या विमानप्रवासानंतर दोन रात्री झोप भरून काढा. पेट्रोल आणि किराणा अल्पाइन किंवा मॅरेथॉन गावातच भरा. पँथर जंक्शनला, म्हणजे पार्कच्या मुख्य कार्यालयात, परमिट घ्या, पाण्याची चौकशी करा, मग पेटीत कॅन ठेवून या.

हिवाळ्यात दिवस जेमतेम साडेदहा तासांचा असतो. उजाडताना चालायला लागा आणि साडेतीनला मुक्कामाची जागा शोधा. डॉडसनवर सावली जवळपास नाही. ती अनेक कोरड्या ओढ्यांना आडवी जाते, आणि लोक चुकतात ते तिथेच: ओढ्याचं पात्र रुंद, सपाट, पायवाटेसारखं दिसतं आणि माणूस त्यातून खाली चालू लागतो. ओढ्यात उतरलात की समोरच्या काठावर रचलेली दगडांची लगोरी दिसेपर्यंत पुढे पाऊल टाकू नका. दहा मिनिटं वाट दिसली नाही तर शेवटच्या लगोरीपर्यंत मागे या. कागदी नकाशा आणि होकायंत्र न्या, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा ठेवा. ओढ्याच्या पात्रात तंबू कधीही लावू नका, आभाळ निरभ्र असलं तरी. पाऊस डोंगरात दूर कुठेतरी पडतो आणि पाणी इथे येतं.

सोबतचा माणूस चिडचिड करू लागला, अडखळू लागला, साध्या प्रश्नाला उलटसुलट उत्तर देऊ लागला तर तो दमलाय असं म्हणून पुढे जाऊ नका. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलं की मेंदूवर परिणाम होतो, आणि अशा वेळी जवळचं पाणी पिण्यापेक्षा अंगावर ओतण्यासाठी आधी वापरायचं. सावली नसेल तर तंबूचं कापड डोक्यावर धरा, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघा ओल्या करून वारा घाला, आणि मदतीचा निरोप पाठवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि धडधाकट असताना पाणी जपून ठेवायच्या नादात तहानलेलं चालू नका. पोटातलं पाणी उपयोगी पडतं, बाटलीतलं नाही. पाणी खरंच कमी पडतंय असं दिसलं तर वेग कमी करा, उन्हं उतरेपर्यंत थांबा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजेपर्यंत डॉडसनचा निम्मा टप्पा झाला नसेल, तर वाटेतच मुक्काम धरावा लागेल. त्यासाठीच पेटीत चौथ्या दिवसाचं खाणं आणि राखीव पाणी. होमर विल्सनला पोहोचल्यावर आधी लिटरभर ओआरएस प्या, मग तंबू. तिसऱ्या पहाटे किमान चार लिटर भरून निघा, कारण ब्लू क्रीकचं पात्र खडीचं आहे, पाऊल मागे घसरतं आणि वेळ अंदाजापेक्षा जास्त लागतो. रिकामे कॅन पेटीत सोडायचे नाहीत. हवा काढून चेपा, झाकण लावा, सॅकच्या बाहेर बांधा आणि बेसिनपर्यंत स्वतः घेऊन या.